चिंचणीची अचानक तपासणी

३ जानेवारी, पहाटे. नाशिक.

निघतोय. घरात कोणालाही पत्ता नाही. अहिल्येला सांगितलं, जव्हारला जुन्या सहकाऱ्याकडे हवापालटाला जातोय, आठवडाभर. तिने नुसतं बरं म्हटलं आणि बॅगेत मफलर, कानटोपी आणि रबरी चपला भरल्या. समुद्रावर वारं फार असतं म्हणाली. जव्हारला समुद्र नाही. उभा जन्म संसारात गेला, पण हिचा भूगोल कच्चा तो कच्चाच.

मोहिमेचा उद्देश इथे लिहून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी मन ढळणार नाही. अदितीने परस्पर लग्न ठरवलंय. मुलगा सुदर्शन तामोरे. तारापूरच्या एका कंपनीत दोघं एकाच लॅबमध्ये. राहणार चिंचणी, तालुका डहाणू. घरची मासेमारीची बोट. आमच्या घरात अंड्याचा केक आला तरी तो गॅलरीत बसून खावा लागतो. अदिती म्हणते, बाबा, तुमच्या होकाराशिवाय करणार नाही. मी म्हटलं, चौकशीशिवाय होकार नाही. ती म्हणाली, मग करा चौकशी.

करतोच. पण उघड नाही. उघड गेलं की जो तो चांगलाच वागतो.

शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून नोकरीभर शाळांच्या अचानक तपासण्या केल्या. एकाही शाळेला आधी सुगावा लागू दिला नाही. तरी प्रत्येक ठिकाणी दारात रांगोळी, फरशी पुसलेली, पोरांच्या केसांना तेल. माझ्या बीटातल्या शाळा मुळातच शिस्तीच्या होत्या.

तोच अनुभव इथे कामाला येणार. नाव : श्री. देशमुख. व्यवसाय : पक्षिनिरीक्षण. दुर्बीण शेजारच्यांची.


३ जानेवारी, संध्याकाळी. चिंचणी.

पोचलो. जव्हार, कासा, आशागड करत एस.टी. डहाणूला आली. अंग मोडून आलंय, पण मनोधैर्य उत्तम.

डहाणूला उतरलो तर एक रिक्षावाला थेट माझ्यापाशी आला आणि बॅग उचलली. म्हणाला, चला काका, चिंचणी ना. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. चेहऱ्यावरचा ताण पाहून माणसाला कुठे शांतता मिळेल हे इकडच्या लोकांना कळत असावं. त्याने समुद्राजवळच्या एका घरगुती राहण्याच्या जागेवर आणून सोडलं. पैसे घेईना. पहिली सवारी फुकट अशी काहीतरी स्कीम दिसते.

जागेचा मालक उमेश. बायको वर्षा, स्वयंपाक तीच करते. उमेश दारात हात जोडून म्हणाला, या श्याम... या देशमुख साहेब. बिचारा बोलताना अडखळतो. मी लक्षात आणून दिलं नाही. पण नंतर आठवलं, माझं नाव मी त्याला सांगितलंच नव्हतं. रिक्षावाल्याला सांगितलं असणार. थकव्यात माणूस विसरतो.

खोली स्वच्छ. दारात रांगोळी. गाव मुळातच टापटिपीचं आहे.


४ जानेवारी, संध्याकाळी.

सकाळी एक पेच. वर्षाने स्टीलचा झाकणाचा डबा समोर ठेवला. बोटीचा वाटा आलाय म्हणाली, काय करू? डब्यात मासे. काही लांबट, पांढरे, थुलथुलीत. त्यांना बोंबील म्हणतात. दोन चपटे, चकचकीत.

देशमुखाने काय केलं असतं, असा विचार केला. पक्षिनिरीक्षक देशमुख रानावनात हिंडलेला माणूस. तो मासे नाही म्हणणार नाही. नाही म्हटलं की संशय. तेव्हा ठेवा म्हणालो. वर्षा इतकी खूश झाली की आत जाऊन उमेशला सांगून आली. मासे राहण्याच्या पॅकेजमध्येच असणार.

दुपारी बोंबील खाल्ले. निव्वळ कर्तव्य म्हणून. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, आंबट कालवण. चव कशी होती हे इथे नोंदवण्याचं कारण नाही. वर्षाने दुसऱ्यांदा आणले, मी नको म्हटलं, तरी तिने वाढले. तिसऱ्यांदा मी नको म्हणायला विसरलो.

डबा परत पाठवायचा होता. रिकामा डबा परत धाडू नये, हे आईने लहानपणापासून बिंबवलेलं. माणूस वेषांतरात असला तरी संस्कार सोडत नाही. मूठभर साखर घातली. डब्यातली साखर पाहून वर्षाने पदर तोंडाला लावला. उमेश तर अंगणातच खाली बसला. साखरेचं यांना एवढं काय अप्रूप?


५ जानेवारी.

प्रत्यक्ष निरीक्षणास प्रारंभ. तामोरे यांचं घर मांगेलआळीच्या, म्हणजे मांगेला कोळ्यांच्या वस्तीच्या, टोकाला, समुद्राकडे तोंड करून. कौलारू, पुढे मोठं अंगण, अंगणात बांबूचा मांडव बांधून त्यावर दोऱ्या. दोऱ्यांवर बोंबील वाळत टाकलेले. वास जबरदस्त. मोठा आक्षेप म्हणून नोंद.

सुरूच्या झाडाआड उभा राहून दुर्बीण लावली. उद्देश घर, निमित्त बगळा. दुर्बिणीत एक बाई आली. ठसठशीत कुंकू, उजवा हात कोपरापर्यंत खवल्यांनी माखलेला. तिने तो हात वर करून हलवला. बगळ्याला हाकलत असावी. मी दुर्बीण डावीकडे नेली, तिथे दुसरी बाई हात हलवत होती. उजवीकडे नेली, तिथे एक म्हातारा. इथे बगळ्यांचा फार उपद्रव आहे.

तेवढ्यात वर्षा घरून खुर्ची घेऊन आली. उभ्याने पक्षी कसे बघणार म्हणाली. खुर्ची बरोबर तामोरे यांच्या घराकडे तोंड करून ठेवली. योगायोग.

आज डब्यात कोळंबी. ठेवून घेतली. साखर घातली.


६ जानेवारी, रात्री.

आज जवळून निरीक्षण करायचं ठरवलं. सुरूच्या झाडातून दिसतं फार, ऐकू काही येत नाही. वाळूवर तामोरे यांच्या घरासमोरच एक लहान होडी उभी होती. आत बसलो, वर जाळं ओढून घेतलं. जागा आदर्श. जाळ्यातून अंगण स्पष्ट दिसत होतं, आवाज येत होता. सुदर्शनच्या आईचं नाव हिरी. आळीत सगळी हिरीबाय म्हणतात. ती कोणाशी तरी फोनवर बोलत होती : हो हो, आहेत, होडीत बसलेत, डोक्यावर टोपी आहे. कोणाबद्दल, ते कळलं नाही.

ऊन कोवळं, वारा गार. नीट ऐकू यावं म्हणून डोळे मिटले.

जाग आली तेव्हा होडी हलत होती. पौर्णिमेनंतरचं उधाण, भरतीने वाळू गिळून टाकलेली. चहूबाजूंनी पाणी. होडी दोरीला बांधलेली होती, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मी अरबी समुद्रात एकटा होतो. ओरडलो. काय ओरडलो ते इथे प्रामाणिकपणे लिहितो : वाचवा, मी श्यामकांत गायधनी, निवृत्त विस्तार अधिकारी, नाशिक!

वारा समुद्राकडून होता की जमिनीकडून, हे आठवत नाही. समुद्राकडून नसावा. कोणी ऐकलं नसणार.

एक तरुण पाण्यात शिरला, दोरी धरून होडी ओढली. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत होतं. तोच सुदर्शन. रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल. मला म्हणाला, काका, उतरा, पाठीवर घेतो. मी नको म्हटलं, उतरलो आणि बसलो. पाण्यातच. मग त्याने पाठीवर घेतलं. न हसता. माझ्या आयुष्यात मला इतकं न हसता कोणी उचललं नसेल. हा गुण नोंदवणं भाग आहे.

संध्याकाळी अहिल्येचा फोन. ओल्या कपड्यांत बसू नका, आल्याचा चहा घ्या म्हणाली. जव्हारला पाऊस पडला असं तिला वाटलं असणार. जानेवारीत.


७ जानेवारी.

सर्दी. बिछान्यातूनच आढावा घेतला.

मुलाबद्दल आक्षेप शोधतोय. दारू नाही. तंबाखू नाही. पगार चांगला. सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर बोटीवर जातो. बापाचं नाव लक्ष्मण. वय साठीला टेकलं तरी सारा गाव लक्ष्याच म्हणतो. अजून दिसलेला नाही, उधाणाचे दिवस, तो समुद्रातच. मुलगा चष्मा लावतो. चष्मा आक्षेपात धरावा का? मीही लावतो. नको.

मासे हा मुख्य आक्षेप होता. पण माझीच आजची थाळी पाहता तो तूर्तास स्थगित ठेवतो. वर्षाने पापलेट केला होता. बेताचं मीठ, हळद, वरून काही नाही. त्याच्याबद्दल जास्त लिहिलं तर ही वही अहिल्येच्या हाती लागल्यास काडीमोड होईल.

वासाचा आक्षेप कायम. मात्र सर्दीमुळे आज वास येत नाही, त्यामुळे निष्पक्षपणे लिहू शकत नाही.


८ जानेवारी, संध्याकाळी.

आजचा दिवस मोहिमेतला सर्वोत्तम. शत्रूच्या गोटात शिरलो आणि सर्व माहिती काढून आणली.

सकाळी आळीतून चालत होतो. पक्षी बघत. हिरीबाईंनी हाक मारली : ओ पक्षीवाले भाऊ, उगाच काय फिरताव, या, हात लावा. आत गेलो. अंगणात त्या आणि त्यांची नणंद रूपी, शिवाय आळीतल्या बायका. ओल्या बोंबलांचा ढीग. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दिसायला सोपं. बोंबलाला बारीक दात असतात हे कोणी सांगत नाही. माझी जोडी सुटून सुटून खाली पडे. रूपी म्हणाली, भाऊ, घाई नाय करायची, एकमेकांना धरू द्या त्यांना. सगळ्या हसल्या. मीही हसलो, देशमुख मनमोकळा माणूस आहे.

हातांना काम देऊन मी चातुर्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. पण बायका बोलक्या. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचे तीन होत. घरी बायकोवर ओरडता का? (नाही. ती असताना तर नाहीच.) ताटाला नावं ठेवता का? (आता नाही.) जावई आला तर टीव्हीचा रिमोट त्याच्या हातात देता का? (हे तपशिलात ठरवावं लागेल.) साखरेची गोळी सकाळी घेता की संध्याकाळी? घोरता का? लेकीला कधी मारलं का? मी म्हटलं, एकदाही नाही, आणि हे म्हणताना आवाज का चढला कोण जाणे. खोटं बोलायचं तर खऱ्याला धरून बोलावं, हे माझं तत्त्व. म्हणून सगळी उत्तरं खरी दिली, फक्त नाव देशमुख.

मग हिरीबाईंनी विचारलं, लेक सासरी गेली की तुम्हाला करमेल का?

मला लेक आहे हे मी त्यांना आपणहून सांगितलं नव्हतं. चेहऱ्यावर बाप दिसत असावा. मी बाहीला डोळे पुसले. सर्दी अजून गेलेली नाही. मी म्हटलं, करमणार नाही. रूपीने हातातला बोंबील खाली ठेवला आणि पाण्याचा तांब्या दिला.

विषय बदलावा म्हणून आळीच्या तोंडाशी लावलेल्या फलकाबद्दल विचारलं. वाढवणला बंदर नको, असं त्यावर मोठ्या अक्षरात आहे. हसणं थांबलं. हिरीबाई म्हणाल्या, सुदर्शनला म्हणून तर शिकवला भाऊ. बंदर झालं तर आमची बोट कुठं न्यायची, कोण सांगतं का? नोकरी करतो, पण सुट्टीला बापाबरोबर जातोच. त्याला समुद्र सुटत नाय. मी पुढचे दोन बोंबील उचलले. एक जोडी नीट अडकवली आणि दोरीवर टाकली. ती राहिली.

निष्कर्ष : माणसं साधी आहेत, कोणाच्याही पोटात काही राहत नाही. दिवसभर मी त्यांना बोलतं केलं आणि त्यांना संशयसुद्धा आला नाही.


९ जानेवारी, दुपारी.

घात झाला.

जेवताना सहज उमेशला म्हटलं, तुमचं पॅकेज फार चांगलं, रोज ताजे मासे देता, तोट्यात नाही ना जात? उमेश म्हणाला, माझे कुठले साहेब, ते तामोऱ्यांच्या बोटीचे. मी म्हटलं, मला कशाला? तो वर्षाकडे बघायला लागला. वर्षा म्हणाली, सांगून टाका आता, किती दिवस ताणणार.

सांगितलं ते असं. या आळीतली जुनी पद्धत आहे. मुलीकडची माणसं चौकशीला आली की मुलाच्या बोटीचा वाटा त्यांच्याकडे जातो. तोंडाने कोणी काही विचारत नाही. डबा न उघडता परत आला, तर समजायचं, सोयरीक नको. कोणी रागवत नाही, कोणी कोणाचं तोंड टाळत नाही, विषय संपला. डबा ठेवून घेतला, तर होकार. उमेश म्हणाला, तुम्ही तर साहेब ठेवलाच, वर साखर घातली. आमच्या आळीत साखर घालून होकार कोणी दिला नव्हता आजवर. पहिल्या दिवशी हिरीबाय तो डबा घेऊन घरोघर दाखवत फिरली.

आणि मी रोज घातली. कोळंबीलासुद्धा.

मी कोण हे यांना कळलं कसं? उमेश म्हणतो, होडीतून तुम्हीच सांगितलंत, पार बाजारापर्यंत ऐकू गेलं. पण डबा तर होडीच्या आधीच आला. याचा अर्थ फितुरी झाली आहे. रिक्षावाल्यावर संशय.

हा होकार मी दिलेला नाही. माझ्या संस्कारांनी दिला. होकार हा विचार करून द्यायचा असतो, योग्य वेळी, उभं राहून, चार माणसांत. अदिती जन्मली त्या दिवशी मी पेढ्यांचं दुकान शोधत अर्धं नाशिक पालथं घातलं होतं. तिचं लग्न मी मूठभर साखरेत, नकळत, बोंबील खाता खाता ठरवून टाकलं? हे मला सहन होणार नाही.

होकार मागे घेण्याचा मार्ग शोधतोय. संध्याकाळपर्यंत सापडेल.


९ जानेवारी, संध्याकाळी.

सापडला. फार सोपा. मासे घेतल्यामुळे होकार झाला, तर मासे परत दिल्यावर होकार रद्द. जेवढे खाल्ले तेवढे परत करायचे. मासे खाऊन झाल्यावर परत कसे करणार, असा प्रश्न सामान्य माणसाला पडेल. मी बाजारातून नवीन आणून देणार.


१० जानेवारी, सकाळी.

कामगिरी फत्ते. बाजारात गेलो. सर्वांत मोठे पापलेट रूपीच्या टोपलीत. दुसरीकडे जावं असं वाटलं होतं, पण परत करायचं तर तोडीचं हवं. उधाण ओसरून भांगाचे दिवस आलेत, भरतीला जोर नाही, बोटी किनाऱ्याला, म्हणून बाजारात माल बेताचाच. टोपलीभर घेतले. रूपीने विचारलं, एवढे कोणाला? मी ताठ मानेने म्हटलं, तामोरे यांच्या घरी पोचवा, गायधनी यांच्याकडून. वेषांतर आता बाजूला ठेवलंय. नकार स्वतःच्या नावाने द्यावा.

रूपी टोपली डोक्यावर घेऊन पळतच गेली. गांभीर्य पोचलेलं दिसतं.

मन हलकं झालं. वाईटही वाटलं. मुलगा चांगला होता.


१० जानेवारी, संध्याकाळी.

काय लिहू.

दुपारी आळीतून कालवा ऐकू आला. भांडायला येतायत असं वाटून मी खोलीत कडी लावून बसलो. उमेशने दार वाजवलं. बाहेर हिरीबाई, रूपी, मागे सारी आळी. हिरीबाईंचे डोळे भरलेले. म्हणाल्या, आजवर वाटा आमच्याकडून जायचा. मुलीच्या बापाने उलटा वाटा पाठवला, तोही बाजारातून विकत घेऊन, मांगेल्याच्या घरी! एवढा मान आम्हाला कोणी दिला नाय भाऊ. रूपी म्हणाली, मी तर बाजारात सगळ्यांना सांगतच आली. एका म्हातारीने माझी दृष्ट काढून बोटं मोडली.

त्यांनी नारळ दिला, शाल दिली, डोक्यावर टोपी ठेवली. मी नाही म्हणणार होतो. पण समोर एवढी माणसं आनंदाने उभी असताना नाही म्हणायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं. टोपी बरोबर मापाची निघाली. माझं डोकं मोठं आहे, तयार टोपी मला कधी बसत नाही.

लक्ष्मणराव पहिल्यांदा दिसले. आडवा बांधा, अबोल. माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

अहिल्येचा फोन. आम्ही उद्या येतोय, मी आणि अदिती. मी म्हटलं, जव्हारला कशाला? ती म्हणाली, जव्हारला नंतर जाऊ. शाल इस्त्रीवाल्याकडे देऊ नका, मी बघते.

शाल मिळून तासही झाला नव्हता.


११ जानेवारी, सकाळी.

निश्चय. अजून सूत्रं माझ्या हातात आहेत. टोपी, शाल, पापलेट हे सगळं भावनेच्या भरात झालं. औपचारिक निर्णय अजून बाकी आहे. आज सगळे जमतील तेव्हा मी उभा राहणार आणि सांगणार की तपासणी पूर्ण झाली आहे, गुणदोषांचा विचार करून एक महिन्यात कळवण्यात येईल. महिना कशाला हवा, तर तो हवा. मुलगी द्यायची तर बापाला थोडा वेळ नको का?

भाषण दोनदा म्हणून पाहिलं. आवाज चांगला लागला.


११ जानेवारी, संध्याकाळी.

अंगणात सतरंज्या. मांडवावरचे बोंबील बाजूला सारून तिथे माणसं बसलेली. अदिती आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, तिला तिथलं कपाट न् कपाट माहीत. अहिल्या आणि हिरीबाई एकमेकींना पाहून अशा हसल्या की ही पहिली भेट नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. दोघी चिंचणी-नाशिक फोनवर महिनोन् महिने बोलतायत. मी होडीत असताना हिरीबाईंनी केलेला फोन अहिल्येलाच होता.

मी उठलो. म्हटलं, मी या घराची तपासणी केली आहे. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, थांबा, निर्णय अजून. परत टाळ्या. लक्ष्मणराव उठून उभे राहिले आणि माझ्यासमोरचं पहिलं वाक्य बोलले : आम्ही पण तुम्हाला बघितलं गायधनी साहेब. आमचा होकार आहे.

म्हणजे मी तपासणीला आलो नव्हतो, माझीच तपासणी लागली होती. खाली बसलो.

नंतर अदिती मला किनाऱ्यावर घेऊन गेली. म्हणाली, बाबा, तुम्ही उघड कधी येणार नाही, चोरून येणार, हे मला माहीत होतं. म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलं. कुठली एस.टी. पकडाल, कुठलं नाव घ्याल, टोपीचं माप काय. दुसऱ्यांदा वाढा, नको म्हणतील, तरी वाढा. बोलायला लागले की मधे तोडू नका. तिने मला तोंडपाठ केलेलं आहे. मी तिला इतकं ओळखतो का?

विचारलं, मी डबा परत पाठवला असता तर? ती म्हणाली, थांबले असते. खरंच थांबले असते बाबा. म्हणून तर एवढं सगळं केलं. मला भरून आलं. मी विचारलं, किती दिवस थांबली असतीस? ती समुद्राकडे बघत म्हणाली, मेपर्यंत. हॉल मेचा बुक आहे.

हॉल ऑक्टोबरात बुक केलाय. अहिल्येने. जेवणाचा बेतही तिने आणि हिरीबाईंनी ठरवलाय, एका बाजूला शाकाहारी पंगत, एका बाजूला दुसरी. मी कुठल्या पंगतीत बसणार असं अहिल्येने सगळ्यांसमोर विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली. पत्रिका रूपी वाटणार. गाड्यांचं उमेशकडे.

मी म्हटलं, मला काहीतरी काम द्या. आयुष्यभर व्यवस्था बघितली आहे. मांडव, पाहुणे, पाणी, काहीही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग अदिती म्हणाली, बाबा, तुम्हाला एकच काम. कन्यादानाच्या वेळी जागेवर असायचं. मधेच उठून कुठे बघायला जायचं नाही, कोणाला काही विचारायचं नाही. नुसतं माझ्याजवळ बसायचं. जमेल?

जमेल म्हणालो. रडलो, आणि आज सर्दी नव्हती.